अजामीनपात्र गुन्ह्यात अटक झाली, तर घरच्यांनी काय करावे

आधी पोलीस स्थानकात जाऊन गुन्हा क्रमांक, कलमे आणि अटकेची नेमकी वेळ लिहून घ्या. अटकेची कारणे लेखी मिळाली नसतील, मारहाण झाली असेल, तर पहिल्याच हजेरीला दंडाधिकाऱ्यांना सांगा. नंतर सांगितलेल्याला तितके वजन राहत नाही. ही हजेरी प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत व्हायलाच हवी. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यानुसार पोलीस कोठडीचे 15 दिवस तुकड्यांनी, गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत मागता येतात. त्यामुळे न्यायालयीन कोठडीत, म्हणजे गोव्यात कोलवाळच्या तुरुंगात, गेलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती दिवस मोजण्यात. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत, इतर गुन्ह्यांत 60 दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क ठरतो. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून (दंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून), आणि तो दिवस धरून. रिमांड 1 मार्चला असेल तर 29 एप्रिल हा साठावा दिवस. 30 एप्रिलला न्यायालय उघडताच अर्ज गेला पाहिजे. अर्जाआधी आरोपपत्र दाखल झाले की हा हक्क संपतो, म्हणून अर्ज आदल्या संध्याकाळीच तयार ठेवा. अमली पदार्थांच्या व्यावसायिक प्रमाणात (गांजा 20 किलोहून जास्त, चरस 1 किलोहून जास्त) ही मुदत 180 दिवसांची, आणि ती वाढूही शकते. तिथे साधा जामीनही फार कठीण.

दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला तर सत्र न्यायालय, मग मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरीचे खंडपीठ. जामीन मिळूनही माणूस आत अडकतो तो हमीदारापायी. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) अजून आजोबा-काकांचीच नावे असतील तर तो उतारा हमीला चालेलच असे नाही. दुसरा हमीदार आधीच पाहून ठेवा.

सरकारी नोकर 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. खटला चालू असताना पासपोर्ट अडतो. घरात तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असेल तर बोटीची तारीख येण्याची वाट पाहू नका; परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज खटला चालू असलेल्या न्यायालयात, कंपनीचे पत्र जोडून, वेळेत द्या.