पोकरसाठी नोकरी सोडताय? आधी वही पूर्ण करा

हिंजवडीतली नोकरी सोडून पूर्णवेळ पोकर खेळायचं, हे माझं जवळजवळ ठरलं होतं. राजीनामा लिहून तयार होता. चौदा महिने मी महिन्यातला एक शनिवार-रविवार पणजीला जात होतो. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर 100-200 ब्लाइंडच्या टेबलावर बसायचो; ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोन खेळाडूंनी लावायचीच रक्कम, इथे 100 आणि 200 रुपये. हार-जीत लिहायच्या वहीत नफा दिसत होता 1,90,000 रुपये. जे आज त्याच जागी उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बायकोने वही मागितली. पानं उलटत तिने विचारलं, "यात बसचं भाडं कुठंय? लॉजचं? जेवणाचं?" मी ते लिहिलंच नव्हतं. त्या रात्री फोनमधले जुने मेसेज काढून दोघांनी हिशेब लावला. फेरीमागे सरासरी 7,000, म्हणजे 98,000 असेच गेलेले. उरले 92,000. खेळलेले तास 280. तासाला साधारण 330 रुपये, आणि तेही कर धरायच्या आधी. पत्त्यांवर जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर लागतो, वर उपकर. त्यातून प्रवासखर्च वजा होत नाही आणि पोकरमधला तोटा पगारातून वळता करता येत नाही.

खरा धक्का पुढे होता. टेबलावर तासाला 28 हात, म्हणजे डाव, धरले, तर 280 तासांत मी आठ हजार हातसुद्धा खेळलो नव्हतो. माझा जिंकण्याचा वेग शंभर हातांमागे 12 मोठे ब्लाइंड (एक म्हणजे 200 रुपये), दिसायला सुरेख. पण नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे पैज कितीही वाढवता येणाऱ्या या पोकरमध्ये, शंभर हातांमागचा चढउतार 80 ते 100 ब्लाइंडचा असतो, त्यामुळे इतक्या कमी हातांवर शंभर हातांमागच्या सरासरीतले 9 ते 11 ब्लाइंड नुसत्या नशिबाने इकडचे तिकडे होतात. म्हणजे मी चांगला खेळतो की चौदा महिने पत्ते चांगले पडले, हे ती वही सांगूच शकत नव्हती.

एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. पहाटे तीनला माझ्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, दोघेही ऑल-इन, म्हणजे समोरचे सगळे पैसे लावलेले. शंभरातल्या 82 वेळा एक्के जिंकतात. शेवटचा पत्ता राजा पडला. 20,000 गेले. मला वाईट वाटलं, पण झोप लागली, कारण पगार एक तारखेला येणार होता. त्याच पैशातून घराचा हप्ता जायचा असता तर पुढचा डाव मी घाबरून खेळलो असतो. घाबरलेला माणूस फायद्याचा कॉलही, म्हणजे समोरच्याच्या पैजेइतके पैसे लावणंही, सोडून देतो.

कौशल्य की नशीब हे कळायला खूप जास्त हात लागतात. पूर्वी ऑनलाइन खेळून लाखभर हात लवकर पुरे व्हायचे. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, खेळ कौशल्याचा असला तरी. बोटीवर लाख हातांना साडेतीन हजार तास लागतात. आठवड्याला 40 तास बसलात तरी पावणेदोन वर्षं. नवख्यांनी हा आकडा आधी समजून घ्यावा. यूट्यूबवरचे मोठे पॉट (डावात जमलेले पैसे) नंतर बघा.

मी राजीनामा दिला नाही. बायकोने दोन अटी घातल्या, मला त्या पटल्या. वर्षाचा घरखर्च वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. बँकरोल, म्हणजे फक्त खेळायचे पैसे, निराळा, किमान 30 बाय-इनचा; बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना घ्यायची रक्कम, माझ्या टेबलावर 20,000, म्हणजे एकूण सहा लाख. दोन्ही जमेपर्यंत महिन्यातून एकच फेरी, आणि वहीत बसच्या तिकिटासकट सगळं.