कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याआधी: छोट्या व्यावसायिकाची तयारीची यादी

आपल्या कामाचे व्हिडिओ करावेत असा विचार मनात येतो आणि मग सहा-सहा महिने तसाच पडून राहतो. याचे कारण बहुतेक वेळा पैसा किंवा उपकरणे हे नसते. फोन हाताशी असतो आणि दाखवण्यासारखे कामही रोज समोर घडत असते. गंमत अशी की ‘मला कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाही’ असे म्हणणारी हीच मंडळी गिऱ्हाईक समोर आले की आपल्या मालाबद्दल दहा-दहा मिनिटे न अडखळता बोलत असतात. म्हणजे उणीव बोलण्याची नाही. कॅमेरा सुरू झाला की काय बोलायचे, कुठे बघायचे, हात कुठे ठेवायचे, आवाज नीट येतो आहे का आणि हे बघून लोक काय म्हणतील, या सगळ्यांचा निर्णय एकाच क्षणी घ्यावा लागतो आणि त्या गर्दीत माणूस गोठतो. म्हणून पुढची यादी धीर देण्यासाठी नाही, तर त्या क्षणी ठरवायच्या गोष्टी शक्य तितक्या आधी ठरवून टाकण्यासाठी आहे.

सर्वांत आधी ‘व्यवसायाचा व्हिडिओ’ या शब्दांनी आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते, ते तपासून घ्यावे. बहुतेकांच्या मनात मोठ्या कंपनीची झगमगीत जाहिरात असते आणि तिच्याशी तुलना केली की हात आखडतो. त्यापेक्षा १८९५ साल आठवावे. त्या वर्षी २८ डिसेंबरला ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून आपले चित्रपट दाखवले, आणि त्यांतल्या एकात होते ते त्यांच्याच लियाँ शहरातल्या, फोटोच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार. लांबी एक मिनिटसुद्धा नाही. त्या दृश्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आज उपलब्ध आहेत, म्हणजे पुन्हा टिपून बघण्याची वेळ त्यांच्यावरही आली होती. पुढे २३ एप्रिल २००५ रोजी यूट्यूबवर चढलेला पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा होता. त्यात संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या लांब सोंडेविषयी दोन वाक्ये बोलतो. सुरुवात केवढी असली तरी चालते, याचा अंदाज येण्यासाठी ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

मग विषयांची वही करावी. दोन आठवडे गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, लिहून ठेवावा. ‘हे धुतल्यावर आटेल का’, ‘एवढे दिवस का लागतात’, ‘स्वस्तातले आणि यात फरक काय’ असे प्रश्न म्हणजे तयार विषय असतात आणि त्यांची उत्तरे आपण शेकडो वेळा दिलेली असल्यामुळे ती पाठ करावी लागत नाहीत. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्यावा. दोन घेतले की लांबी वाढते, धागा सुटतो आणि संकलन करताना कंटाळा येऊन तो व्हिडिओ फोनमध्येच राहतो.

सर्जनशीलतेचा प्रश्न इथेच सोडवावा, कारण तो पुढे ढकलला की चालू लाटेतल्या गाण्यावर हातवारे करण्यापलीकडे काही सुचत नाही. माझे मत असे की छोट्या व्यावसायिकाची कल्पकता त्याच्या कामाच्या त्या भागात असते, जो रोज करून त्याला स्वतःला दिसेनासा झालेला असतो. पुस्तक बांधणाऱ्याला दोऱ्याचा टाका किती घट्ट ओढायचा हे बोटांनी कळते; सायकल दुरुस्त करणाऱ्याला साखळीच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखता येतो; बाहेरच्या माणसासाठी ही जादूच आहे. तेव्हा स्वतःवर मुद्दाम एखादे बंधन घालून बघावे. पूर्ण व्हिडिओत फक्त हात दिसतील, एकही शब्द नसेल, केवळ अवजारांचे आवाज असतील, असे एखादे. किंवा तयार वस्तूपासून सुरुवात करून उलट क्रमाने कच्च्या मालापर्यंत जायचे. किंवा बिघडलेला नग आणि चांगला नग शेजारी ठेवून बघणाऱ्याला तीन सेकंद ओळखायला द्यायचे आणि मग उत्तर सांगायचे. ‘काहीतरी वेगळे करू’ या मोकळ्या मैदानात कुणालाही काही सुचत नाही, आणि अशी चौकट मिळाली की विचार आपोआप पुढे सरकतो.

आता खरी अडचण: स्वतःचा आवाज आणि स्वतःचा चेहरा. ध्वनिमुद्रणातला आपला आवाज पातळ आणि परका वाटतो, कारण बोलताना तो आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो आणि हाडांतून येणारा भाग खालच्या सुरांना भरीवपणा देतो. मुद्रणात तो भाग नसतो. आपल्याला खटकणारा तो आवाजच इतरांना आपला आवाज म्हणून ओळखीचा आहे. चेहऱ्याचेही तसेच. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात लोकांना स्वतःची आरशातली उलटी प्रतिमा अधिक पसंत पडली, तर त्यांच्या जवळच्यांना त्यांची सरळ छायाचित्रे. प्रत्येकाला जे रोज दिसते तेच बरे वाटले. फोनचा पुढचा कॅमेरा चित्रीकरण चालू असताना आरशासारखी प्रतिमा दाखवतो आणि मुद्रित झालेली प्रतिमा पुष्कळदा सरळ असते, त्यामुळे ‘भांग भलत्याच बाजूला दिसतो’ हा धक्का बसतो. म्हणून सरावासाठी मागचाच कॅमेरा वापरावा. त्याची प्रतिमा सहसा अधिक स्पष्ट येते, आणि बोलताना स्वतःकडे बघत बसण्याचा मोहही राहत नाही.

सरावासाठी सलग सात दिवस रोज एक मिनिट ठेवावे आणि यातले काहीही प्रसिद्ध करायचे नाही, हे सुरुवातीलाच पक्के करावे. पहिले दोन दिवस केवळ आवाज मुद्रित करून ऐकावा. पुढचे तीन दिवस हातांनी काम करताना चित्रीकरण करत वर बोलावे. चेहरा शेवटच्या दोन दिवसांत आणावा, तोही वहीतल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर देताना, कारण ‘नमस्कार, मी अमुक’ अशी औपचारिक सुरुवात नवख्या माणसाला सर्वांत जड जाते. रोजचा तुकडा दुसऱ्या दिवशी एकदाच बघावा. लगेच बघितला तर फक्त चुका दिसतात.

लोक काय म्हणतील, या भीतीवर एक माहिती उपयोगी पडते. २०००च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवले गेले. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांच्याच लक्षात आला. भित्र्या माणसाला हे ऐकून बरे वाटते आणि विक्रेत्याला थोडे वाईट, पण अडखळलेला एखादा शब्द कुणी मनात धरून ठेवत नाही, एवढा बोध घ्यायला हरकत नाही. छातीत धडधडत असेल तर ‘शांत हो’ असे स्वतःला बजावण्याऐवजी ‘मी उत्सुक आहे’ असे मोठ्याने म्हणावे. २०१४च्या एका संशोधनात असे म्हणणाऱ्यांनी भाषण आणि गायन दोन्ही अधिक चांगले केले होते. म्हणताना वेडगळ वाटते हे कबूल, त्यामुळे आजूबाजूला कुणी नसेल अशी वेळ निवडावी.

संहिता पूर्ण लिहावी, पण पाठ करू नये. पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे तोंडात बसवावे आणि मधल्या भागासाठी तीन शब्द ठळक अक्षरांत कागदावर लिहून तो कागद लेन्सच्या अगदी शेजारी चिकटवावा. दूर चिकटवला तर नजर सारखी पळताना दिसते. लिहिताना आपली भाषा नकळत सरकारी होते, ‘सदर उत्पादन विविध आकारांत उपलब्ध आहे’ असे काहीतरी उतरते. ते मोठ्याने वाचून बघावे, आणि जे वाक्य आपण गिऱ्हाइकाशी बोलताना कधीच म्हटले नसते ते काढून टाकावे. वाचताना घड्याळ लावले की लांबीही कळते.

चित्र थोडे हलले तरी बघणारा सांभाळून घेतो, आवाज फुटला की तो निघून जातो; म्हणून आवाजाची तयारी चित्रापेक्षा जास्त करावी. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर असावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, आणि खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो, म्हणून दूर ठेवलेल्या फोनवरचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझणाट ऐकू आला तर तिथे पडदे, गाद्या, कपड्यांचे गठ्ठे असे मऊ काही आणावे किंवा जागाच बदलावी. पंखा, फ्रीज आणि शेजारची यंत्रे ओळीने बंद करून प्रत्येक वेळी काय फरक पडतो ते ऐकावे. त्यानंतर दहा सेकंदांचा चाचणी तुकडा मुद्रित करावा आणि तो इयरफोन लावून खरोखर ऐकावा. हे मी ठासून सांगतो, कारण एकदा सबंध दुपार मी कॉलर माइक लावून बोललो आणि त्या माइकची कळ बंद होती. चित्र उत्तम आले होते.

उजेडाचे फार काही नाही. खिडकीसमोर तोंड करून उभे राहावे, पाठ करून नव्हे, आणि दिवसाच्या उजेडात पिवळे दिवे मिसळू नयेत, नाहीतर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा दिसतो. दिव्यांच्या उजेडात चित्र लुकलुकत असेल तर वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यास शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायला कॅमेरा घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे, ६० हर्ट्झचा असल्यास १/६० किंवा १/१२०. फोन डोळ्यांच्या उंचीवर तिपाईवर बसवावा, लेन्स मऊ फडक्याने पुसावी, एअरप्लेन मोड लावावा आणि जागा मोकळी आहे का बघावे. १०८० पिक्सेलच्या चित्रीकरणाला मिनिटाला अंदाजे ६० ते १३० एमबी लागतात. उभा व्हिडिओ ९:१६ आणि आडवा १६:९, यांतले कोणते हे आधी ठरवले नाही तर संकलनात डोकी कापली जातात.

परवानग्या हा कंटाळवाणा भाग असला तरी पुढची धास्ती त्यानेच कमी होते. लोकप्रिय गाणे खासगी खात्यावर चालते म्हणून व्यावसायिक वापरालाही चालेल असे धरू नये. व्यवसायांसाठी परवाना असलेला संगीतसंग्रह वापरावा आणि परवान्याची नोंद जपून ठेवावी. ज्या गिऱ्हाइकाचा चेहरा दिसणार असेल त्याची लेखी संमती घ्यावी, लहान मुलांच्या बाबतीत पालकांची. मागच्या भिंतीवर चिकटवलेली बिले, फोन नंबर, कुणाच्या नावाची पार्सले दिसत नाहीत ना, हे रिकाम्या चौकटीचे एक छायाचित्र काढून निवांत तपासावे.

प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या दिवशी चेहरा शेवटी ठेवावा. आधी हातांची आणि वस्तूंची दृश्ये, मग केवळ आवाज, आणि अंग मोकळे झाल्यावर चेहरा. प्रत्येक टेकच्या आधी आणि नंतर दोन सेकंद गप्प राहावे म्हणजे कापायला जागा मिळते. तीनपेक्षा जास्त टेक घेऊ नयेत. चौथ्यापासून शब्द अचूक येतात पण डोळे विझतात, आणि विझलेल्या डोळ्यांपेक्षा अडखळलेला शब्द परवडला. शक्य असेल तर कॅमेऱ्यामागे एखाद्या ओळखीच्या माणसाला उभे करावे, सूचना देण्यासाठी नव्हे तर मान डोलावण्यासाठी. काचेच्या गोलाशी बोलणे अवघड असते, माणसाशी बोलण्याची मात्र आपल्याला सवय असते.

संकलनात सुरुवातीचे घसा साफ करणे आणि ‘तर मंडळी’ कापून टाकावे. पुष्कळजण आवाज बंद ठेवून बघतात आणि काहींना ऐकू येत नसते, म्हणून उपशीर्षके द्यावीत, आणि ती आपोआप तयार झालेली असतील तर निदान वस्तूंची नावे आणि आकडे स्वतः तपासावेत. प्रसिद्ध करण्याआधी आपल्या धंद्यातल्या नसलेल्या एकाच माणसाला व्हिडिओ दाखवावा. ‘कसा झाला?’ असे विचारले तर ‘छान’ हेच उत्तर मिळते. ‘यातून तुला काय कळले?’ असे विचारावे. त्याचे उत्तर वहीतल्या प्रश्नाच्या उत्तराशी जुळले तर व्हिडिओ तयार आहे, नाही जुळले तर बहुधा मधला एखादा भाग पुन्हा बोलावा लागेल, सगळा नाही.

तिरकस प्रतिक्रियांसाठी दोन-तीन ओळींची शांत उत्तरे आधीच लिहून ठेवावीत, आणि पहिल्या दिवशी आकडे किती वेळा बघायचे तेही ठरवावे. मी संध्याकाळी एकदा बघतो. प्रतिक्रियांमध्ये कुणी नवा प्रश्न विचारला असेल तर तो त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावा आणि त्याच्यापुढे पुढच्या चित्रीकरणाची तारीख लिहावी.