एकट्याने लांब पल्ल्याचा ट्रेक: या चुका टाळा

दीड-दोन महिन्यांचा ट्रेक एका रात्रीच्या वादळाने मोडतोच असं नाही. टाचेवरचा फोड, सुजलेली नस, बिघडलेलं पोट एवढंही पुरतं. सोबती असला तर 'अरे, तू लंगडतोयस' असं तो सांगतो. एकट्याला ही नजर स्वतःच ठेवावी लागते, म्हणून खालच्या चुका एकट्याला जास्त महागात पडतात.

पहिल्याच आठवड्यात पल्ला वाढवणं

चौथ्या-पाचव्या दिवशी अंग मोकळं होतं आणि रोजच्या १८ किलोमीटरचे २८ कधी झाले ते कळत नाही. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. दम टिकतो, पण टाचेमागची कंडरा किंवा नडगी दुखायला लागते. पहिला आठवडा रोज १५ ते १८ किमीवर थांबा. पुढे दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा आणि सहा-सात दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.

वेळेचा अंदाजही इथेच चुकतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून चालतो: सपाटीला ताशी ५ किमी, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. म्हणजे २० किमी आणि १२०० मीटर चढ असेल तर सहा तास. यात विश्रांती नाही, पाणी भरणं नाही, पाठीवरचं ओझं नाही. प्रत्यक्षात साडेआठ-नऊ तास धरा.

'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणत पाय रेटणं

ही सगळ्यात मोठी चूक. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. घामाने मऊ झालेली त्वचा मोज्याला चिकटून राहते, आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं आणि मधले थर फाटतात. त्याआधी त्या जागी चुरचुरतं. चुरचुरलं की तिथेच, त्याच मिनिटाला बसा. बूट-मोजे काढा, खडा झटका, पाय पुसून पाच मिनिटं वाळू द्या, मग त्या जागी चिकटणारी टेप लावा. ओल्या त्वचेवर टेप टिकत नाही आणि टेप टिकली नाही की लोक टेपलाच दोष देतात. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापा, सुरकुती न पडू देता लावा आणि आपोआप सुटेपर्यंत काढू नका.

फोड आलाच आणि लहान असला तर फोडू नका. मोठा, दुखरा असला तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची त्वचा तशीच ठेवून झाका. पू, वर चढणारी लाल रेघ किंवा ताप दिसला तर ट्रेक थांबवून डॉक्टर गाठा.

बूट अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, कारण रोजच्या चालण्याने पाऊल फुगतं. हलके ट्रेल शूज साधारण ५०० ते ८०० किमी टिकतात. दुसऱ्या जोडाची सोय निघण्याआधीच करा.

सॅक खांद्यावर टांगणं

आधी सगळे पट्टे सैल करा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. बहुतेक भार कमरेवर यायला हवा. शिधा-पाणी-इंधन सोडून सामान ९ किलोच्या आत बसवा. त्यावर पाच दिवसांचा शिधा रोज ८०० ग्रॅमने ४ किलो आणि दोन लिटर पाणी २ किलो, म्हणजे १५ किलो झालेच. सुरुवातीला भूक मरते आणि शिधा उरतो, दोन-तीन आठवड्यांनी तोच शिधा पुरत नाही. वाटेतल्या थांब्यांसाठी आधीच भरून ठेवायचे शिध्याचे डबे एकाच मापाने भरू नका.

फिल्टर रात्री बाहेर ठेवणं

पाणी गाळायचा पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरला की आत पाणी राहतं. ते गोठलं की तंतू तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी नेहमीसारखं येत राहतं, फक्त गाळलं जात नाही. थंडीत तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. गोठल्याची शंका आली तरी टाकून द्या आणि पाणी उकळा. खळखळ उकळी एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

पोट बिघडलं की सगळे पाण्याला नावं ठेवतात, पण न धुतलेले हातही तितकेच कारण असतात. नोरोव्हायरससमोर सॅनिटायझर कमी पडतो. ओढ्यापासून लांब, साबणाने हात धुवा.

गारठा ओळखायला उशीर

वारा आणि पाऊस एकत्र आले की ८-१० अंशांतही शरीराचं तापमान घातक पातळीला उतरू शकतं, आणि डोकं आधी बधिर होत असल्याने स्वतःला कळत नाही. दर थांब्यावर अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहा. जमलं नाही तर चालणं बंद. तंबू, कोरडे कपडे, गोड खाणं, याच क्रमाने.

'रोज फोन करतो' असं घरी सांगणं

रेंज नसली की घरचे पहिल्याच रात्री शोधपथक बोलावतात, किंवा दोनदा असं झालं की तिसऱ्या खऱ्या वेळी कोणी हलत नाही. त्याऐवजी लिहून द्या: कुठून शिरणार, कुठे निघणार, तंबू-सॅकचा रंग, चालू औषधं, आणि 'अमुक तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत कळवलं नाही तर या नंबरवर फोन करा'. टप्प्यावर पोचलात की आधी तो निरोप, मग अंघोळ.