टेन्शन उतरवायला छंद हवाय? मग हाताला काम देणारा निवडा

दिवसभराचा ताण घेऊन घरी आलं की बहुतेकजण मोबाईल घेऊन आडवे होतात, तासभर स्क्रोल होतं आणि डोकं तेवढंच जड, वर डोळे चुरचुरतात ते वेगळंच. अंग पडलेलं असलं तरी डोक्यात बॉसचं बोलणं, उद्याची मीटिंग सगळं चालूच असतं ना. म्हणून माझं तरी ठाम मत आहे की टेन्शनवर छंद शोधायचा तर हात गुंतवणारा शोधा.

क्रोशेचंच घ्या. सहा साखळ्या घालून गोल जोडायचा आणि त्यात बारा खांब म्हणजे उभे टाके घालायचे, आता आठव्या खांबाला मन भलतीकडे गेलं की मोजणी चुकलीच, उसवा आणि परत घाला. त्यामुळे लक्ष आपसूक टाक्यांवर येतं, "विचार करू नको" असं स्वतःला बजावत बसावं लागत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने अशा तल्लीन होण्याला 'फ्लो' म्हटलंय. त्यासाठी काम कंटाळा येईल इतकं सोपं नको आणि वैताग येईल इतकं अवघडही नको, म्हणजे आत्ता जे जमतंय त्याच्या एकच पायरी वरचं घ्या.

"पण मला चित्रबित्र काही येत नाही हो" असं म्हणणाऱ्यांसाठी, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात ३९ जणांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज असं हवं ते करायला दिलं होतं, तर साधारण ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन कमी झालं, आणि आधी कला शिकलेले आणि न शिकलेले यात खास फरक दिसला नाही! तेव्हा बिनधास्त वाकडंतिकडं काढा.

राग डोक्यात गेला असेल आणि बसून काही करवत नसेल तर मात्र भरभर चाला, बॅडमिंटन खेळा, नाच करा, कारण शरीर तेव्हा धावायच्या तयारीत असतं. फक्त अगदी झोपायच्या तोंडावर दमछाक करू नका. त्या वेळी गुणगुणणं बरं, उच्छ्वास लांबतो आणि ठोके शांत होतात.

सुरुवात करताना सामान कपाटात ठेवू नका, बसता तिथेच हाताशी ठेवा, थकलेला माणूस उठून काढत नाही. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि प्लीज, पहिले काही महिने फोटो टाकणं, ऑर्डर घेणं यात पडू नका, लाइक्स मोजायला लागलात की तिथेही डेडलाईन आलीच.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, मन उदास आणि आवडीच्या गोष्टीलाही हात लावावासा वाटत नाही असं असेल तर सरळ डॉक्टरांना भेटा, छंद उपचारांच्या जोडीला चालू राहू शकतो.