काजूच्या हंगामाआधी घरातल्या माकडतापाचा धोका कसा ओळखावा

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात मी आरोग्यसेवक आहे. माकडताप म्हणजे रानातल्या गोचिडी चावल्याने होणारा विषाणूचा ताप. त्याबद्दल विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "आमी खंय जातंव रानात, डाक्टर?" असं म्हणणारी आजी बहुतेक वेळा पातेऱ्याच्या, म्हणजे रानातून आणलेल्या वाळक्या पाल्याच्या, ढिगाला टेकूनच बसलेली असते.

म्हणून घर जंगलापासून किती लांब आहे, हे मी विचारतच नाही. घरातलं कोण, कुठल्या महिन्यात, काय काम करतं, ते विचारतो. तुम्हीही तसंच करा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि डिसेंबर ते मे ही पानं समोर धरा. या रोगाचा विषाणू मुख्यतः पसरवतात त्या जंगली गोचिडीच्या अर्धवाढ झालेल्या पिल्लांचा सुळसुळाट याच दिवसांत असतो, आणि माणसाला चावतात ती प्रामुख्याने हीच पिल्लं. खसखशीच्या दाण्याएवढी असतात. गुराच्या कानातली टपोरी गोचीड डोळ्यांसमोर ठेवून अंग तपासलंत तर ती दिसणारच नाहीत. आमच्याकडचे कीटकतपासणीवाले पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत नेतात. उलटून पाहिलं की आधी नुसती धूळ वाटते, मग त्यातले दोन-चार ठिपके चालू लागतात.

आता त्या पानांवर कामं लिहा. काजू बी वेचणं, तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजायला किंवा गोठ्यात घालायला पातेरा गोळा करणं, लाकूडफाटा, गुरं राखणं. पातेऱ्याचं काम मी सगळ्यांत वर धरतो. त्यात माणूस पाचोळ्यात हात घालतो, वर भारा डोक्यावर घेतो, म्हणजे गोचीड थेट मानेवर. हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट मात्र पुरुषाच्या अंगावर असतो! साडीवरून जुना शर्ट, पायांत मोजे, डोक्याला घट्ट फडकं, एवढं तरी कराच. आरोग्य केंद्रातून डीएमपी तेल (गोचिडीला दूर ठेवणारं) मिळत असेल तर उघड्या अंगाला लावा. काही तासांनी त्याचा असर जातो, म्हणून दिवसभराचं काम असेल तर परत लावा.

मग घराभोवती एक फेरी मारा. पातेऱ्याचा ढीग पडवीला लागून आहे का? तो लांब हलवा, त्यावर बसू-झोपू नका. गुरं रानात मोकळी सुटतात का? गुरांमुळे विषाणू फारसा वाढत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्यावर पोसल्या जातात आणि गोठ्यापर्यंत येतात. जनावरांच्या दवाखान्यातून गोचिडीचं औषध आणून हंगामाआधीच लावा.

माकड मेलेलं दिसलं तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवा. काळतोंडं वानर असो की लाल तोंडाचं माकड, दोघांनाही हा रोग होतो आणि ती मरतात. अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. हात लावू नका, काठीने ढकलू नका, त्या वाटेने काजूला जाऊ नका. वनखातं आणि आरोग्य केंद्र दोघांनाही कळवा. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, तोही माकडं मरू लागल्यामुळेच. आपल्या तालुक्यात २०१६ साली साथ आली, तेव्हाही माकडं मरत होती.

लसीवर विसंबू नका. जुन्या लसीचं संरक्षण तोकडं ठरलं आणि ती देणं थांबलं. "आम्ही तेव्हा टोचून घेतलंय" हे उत्तर मी जमेत धरत नाही.

कामावरून आल्यावर आधी आंघोळ, कपडे गरम पाण्यात. काखा, जांघा, कानामागचा भाग, केसांची मुळं दुसऱ्याकडून बघून घ्या. गोचीड रुतलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, विडीचा चटका, चुना यातलं काही नको.

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. अचानक, भरपूर, कपाळ ठणकतं, अंग मोडून येतं, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात, काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. अशा वेळी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका; अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. ताप अंगावर काढू नका, कारण आरटीपीसीआर तपासणी पहिल्या काही दिवसांतच नीट उत्तर देते. डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा: पातेऱ्याला कधी गेलो, कुठल्या बागेत, माकड मेलेलं होतं का. रोग्याची सेवा करायला घाबरू नका, माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही. काही जणांना ताप उतरून आठवडा-दोन आठवडे गेल्यावर पुन्हा चढतो, त्यात डोकं दुखतं, हात थरथरतात, माणूस बरळतो. अशा वेळी केंद्रात नव्हे, सरळ जिल्हा रुग्णालयात.