किंगपिन ठोकण्याआधी: जुन्या पिकअपच्या पुढच्या ॲक्सलची तयारी

टाटा २०७ सारख्या जुन्या पिकअपला पुढे बीम ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा), किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर चाकाचा स्टब, म्हणजे हब धरणारा भाग, वळतो ती) आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. किंगपिन बदलण्याचं काम एकदा उघडलं की अर्धवट सोडता येत नाही, आणि तोवर गाडी जागची हलत नाही. म्हणून द्राक्ष किंवा कांद्याचं भाडं सुरू व्हायच्या बऱ्याच आधीचे रिकामे दिवस धरा. नेहमीच्या लेथवाल्याकडे त्या दिवसांत काम घेणार का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, बीमखाली जॅक देऊन पुढचं चाक उचला, आणि एक हात वर, एक खाली असं धरून आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) गेलेत. मग चाकं खाली टेकवून एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला लावा आणि तुम्ही खाली झोपून टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म या स्टिअरिंगच्या दांड्यांवर आणि सांध्यांवर बोटं ठेवा. जिथे सांधा आधी हलतो आणि पुढचा भाग उशिरा, तिथे झीज आहे. ही दहा मिनिटं वाचवून थेट सामान आणायला जाणारे पुष्कळ, आणि मग स्टिअरिंगची थरथर तशीच राहते.

सामान आणताना चासी नंबर सोबत न्या. किंगपिन किटमध्ये दोन्ही बाजूंच्या पिना, बुश, थ्रस्ट बेअरिंग (वरून येणारं वजन पेलणारं), शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) आणि लॉक पिना (किंगपिन जागी अडकवणाऱ्या) आहेत ना, ते दुकानातच उघडून मोजा. हबची बेअरिंग घ्याल तर कप (बाहेरची कडी) आणि कोन (आतली, रोलरसकट) जोडीनेच. जुन्या कपात नवा कोन बसवू नका. ऑइल सील, स्प्लिट पिना, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बुश, सेंटर बोल्ट (पाट्यांचा गठ्ठा धरणारा) आणि यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) नवे. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा वापरायचा नाही, यात काटकसर मला मान्य नाही. शॉकअप आणि पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम.

हत्यारांत खरी अडचण किंगपिनचीच. आदल्या संध्याकाळी लॉक पिनवर आणि किंगपिनच्या दोन्ही तोंडांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जड हातोडा आणि पिनेपेक्षा किंचित बारीक पंच लागेल. लॉक पिन आधी काढायची. ती आत असताना किंगपिनवर घण घातलात तर बीमचं भोक खराब होतं. लॉक पिन काढूनही किंगपिन हलली नाही तर बीम उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर न्या. गॅस लावून बीम तापवू नका आणि त्यावर वेल्डिंग तर मुळीच नको. जुनी पिन निघाली की नवी पिन बीमच्या भोकात घालून बघा. ती तिथे खुळखुळली तर नव्या किटचा उपयोग नाही, आधी बीमचा प्रश्न सोडवावा लागेल.

बुश बसवताना त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकासमोर आलंच पाहिजे. मग रीमिंग, म्हणजे रीमरने बुशचं भोक नेमक्या मापाला आणणं. वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत रीम व्हायला हवा, म्हणून दोन्हींतून सलग जाणारा लांब रीमर असलेलाच लेथवाला निवडा. पॉलिश पेपरने घासून बसवून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. पिन तेल लावून हाताने, थोड्या दाबाने सरकली पाहिजे. थ्रस्ट बेअरिंग बीमच्या खालच्या बाजूला, बंद तोंड वर करून, म्हणजे वरून चिखल-पाणी आत जाणार नाही. बीम आणि स्टबमधल्या वरच्या फटीत शिम घालून उभा प्ले काढायचा, पण स्टब मोकळा फिरला पाहिजे.

बाकीचं सरळ आहे. चासी भक्कम घोड्यांवर (स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. ब्रेकचे भाग तारेने वर बांधा, होज पाइपवर लोंबकळू देऊ नका, आणि ब्रेकची धूळ हवा मारून उडवू नका. पाट्याखाली पाचर असेल तर तिची जाड बाजू पुढे होती की मागे, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. उलटी बसली तर कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) बिघडतो आणि स्टिअरिंग सरळ परतत नाही.

जोडणीच्या दिवसासाठी लिथियम ग्रीस, ग्रीस गन आणि टॉर्क रेंच हाताशी ठेवा. टॉर्कचे आकडे गाडीच्या मॅन्युअलमधून आधीच कागदावर उतरवून घ्या. यू-बोल्ट आणि शॅकलचं शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. किंगपिनला ग्रीस मात्र चाक उचललेलं असताना मारा, नाहीतर थ्रस्ट बेअरिंगपर्यंत ते नीट पोचत नाही. अलाइनमेंटवाल्याची वेळ त्याच आठवड्यातली घ्या, कारण टाय रॉड एंड बदलले की टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं किती आत वळलेली आहेत ते) हललेलाच असतो. पहिल्या पाचशे किलोमीटरच्या आत यू-बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत, तेव्हा पहिलं लांब भाडं त्यानंतरचं घ्या.