कोकण किनाऱ्यावरची पायपीट: पाणी कुठलं घ्यायचं, कसं शुद्ध करायचं, कशात वाहायचं

महागडा फिल्टर घेऊन कोकणात उतरलेल्या माणसाची पहिली फजिती बहुधा किनाऱ्यालगतच्या विहिरीवर होते. पाणी दिसायला नितळ असतं, फिल्टरमधून सरसर उतरतं आणि तोंडात घेतलं की मचूळ लागतं. विरघळलेलं मीठ ट्रेकच्या कुठल्याच फिल्टरने निघत नाही, गोळीनेही नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि खारटपणा उलट वाढतो. त्यामुळे दुकानात जायच्या आधी कोणत्या महिन्यात चालणार ते ठरवा, कारण इथलं पाणी महिन्यागणिक बदलतं.

जून ते सप्टेंबर पाणी सगळीकडे असतं, पण गढूळ. भातखाचरांतून, गोठ्यांजवळून वाहत आलेलं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा सुखाचा काळ. पऱ्ये, म्हणजे लहान ओढे, वाहते असतात, गाळ बसलेला असतो. जानेवारीनंतर कातळसडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, कोरडे ठाक पडतात. जांभा पाणी धरून ठेवत नाही, ते मुरून खाली जातं आणि जांभ्याच्या थराखाली चिकणमाती लागते तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून उन्हाळ्यात सड्यावर पाणी शोधत फिरू नका, उतार जिथे संपतो तिथे पायथ्याशी बघा. वाडीही बहुधा तिथेच वसलेली असते.

किनाऱ्यालगतच्या विहिरीत गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खाली खारं असतं. त्यामुळे पोहरा तळापर्यंत सोडू नका, वरचंच पाणी शेंदा. पंप चालू होण्याआधी, सकाळी घेतलेलं पाणी त्याच विहिरीच्या संध्याकाळच्या पाण्यापेक्षा गोड लागू शकतं. भर समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड्या पाण्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण प्रत्येक किनारी विहिरीकडून ती अपेक्षा धरू नये. पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणारा पेनाएवढा मीटर इथे खरंच कामाचा आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. मात्र मीटर फक्त क्षार मोजतो. आकडा १५० आला म्हणजे पाणी शुद्ध, हा समज शहरातून येताना घरीच ठेवून या. गटाराच्या पाण्याचा आकडाही कमी येऊ शकतो.

विहिरीवर कुणी असेल तर विचारा, "काकी, ही बाव पिण्याची की वापरायची?" बऱ्याच वाड्यांत दोन्ही वेगळ्या असतात. आपली बादली परस्पर विहिरीत बुडवू नका. त्यांच्याच पोहऱ्याने घ्या. कुणीच नसेल आणि दोर-पोहराही नसेल, तेव्हाच सोबतची घडीची बादली आणि १५ मीटर दोरी बाहेर काढा. जांभ्यातल्या विहिरी खोल असतात, मार्च-एप्रिलमध्ये तर पाणी तळाशीच असतं. बादली उपडी पडून तरंगत राहते, म्हणून कडीजवळ एका बाजूला सुपारीएवढा दगड बांधा, म्हणजे ती कलंडून भरते.

दोन पाण्यांना हात लावू नका: आंब्याच्या बागेतून उतरणारं आणि औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाचं. मोहोर आल्यापासून हापूसच्या कलमांवर फवारण्या सुरू असतात आणि विरघळलेलं कीटकनाशक ट्रेकचा पोकळ धाग्यांचा फिल्टर अडवत नाही. कार्बनचा फिल्टर थोडं शोषतो, पण किती ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

आता शुद्धीकरण. पिळायचा फिल्टर (पिशवीत कच्चं पाणी भरून ती पिळायची, की पोकळ धाग्यांतून गाळलेलं पाणी येतं) आणि क्लोरीनच्या गोळ्या, दोन्ही घ्या. एकावर भागवायला गेलात तर पंचाईत होते, कारण दोघांच्या उणिवा वेगवेगळ्या आहेत. ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि जियार्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब लावणारे सूक्ष्म परजीवी अडवतो, पण काविळीचे विषाणू त्यापेक्षा कितीतरी बारीक असल्याने आरपार जातात. क्लोरीन विषाणू मारतं, पण क्रिप्टोस्पोरिडियमपुढे हात टेकतं. शिवाय कोकणात पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. त्याचा जिवाणू स्क्रूसारखा वळलेला आणि इतका बारीक की ०.२ मायक्रॉनच्या जाळीतूनही निसटतो. तो क्लोरीनने किंवा उकळून मरतो. उंदीर, गुरं यांच्या मुतातून तो पाण्यात येतो आणि कातडीवरच्या जखमेतूनही शिरतो. त्यामुळे पायाला खरचटलं असेल तर अनवाणी डबक्यात उभं राहून बाटली भरू नका.

क्रम असा ठेवा. आधी जुन्या सुती पंच्याची चारपदरी घडी करून पाणी गाळा. तरीही गढूळ असेल तर चार लिटरला तुरीच्या दाण्याएवढी तुरटी विरघळवून ढवळा, अर्धा-पाऊण तास हलवू नका आणि वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या पिशवीत ओता. मग फिल्टर, शेवटी गोळी. पाकिटावर गोळी किती लिटरची ते वाचा. २० लिटरची गोळी मोडून एका लिटरला अंदाजाने घालणं म्हणजे खेळ. एक लिटरच्या गोळ्याच घ्या. गोळी विरघळली की झाकण थोडं सैल करून बाटली उलटी करा आणि आटे ओले होतील एवढं पाणी बाहेर झिरपू द्या. फिल्टरआधीचं घाण पाणी आट्यांत राहतं आणि पोट तिथूनच बिघडतं. मग ३० मिनिटं थांबा. लिंबू किंवा कोकम सरबत घालायचं तर त्यानंतरच. लिंबातलं सी जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं, आधी पिळलंत तर गोळी वाया. नंतर पिळलंत तर क्लोरीनचा वास जातो, तेवढा फायदा.

ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुडीत बांधून नेऊ नका. दमट हवेत तिचा जोर उतरतो आणि मात्रेचा हिशेबच राहत नाही. जंतू मारणारा अतिनील किरणांचा पेन नितळ पाण्यातच चालतो, वर त्याला बॅटरी लागते. पावसाळ्यात तो घरीच बरा.

उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून एक मिनिट उकळी पुरे. अडचण इंधनाची आहे. लिटरमागे साधारण १० ग्रॅम गॅस धरला तर दोघांचं दिवसाचं आठ लिटर पाणी उकळायला ८० ग्रॅम जातो. आणि गॅसचा डबा रेल्वेत न्यायला बंदी आहे, म्हणजे कोकण रेल्वेने येणाऱ्याला तो इथे येऊन शोधावा लागणार. उकळणं राखीव ठेवा.

फिल्टर बिघडायची इथली कारणं हिमालयासारखी नाहीत. तिथे गोठून धागे फुटतात, इथे तांबडा गाळ आणि बुरशी. धार मंदावली की जोर लावून पिळू नका. तसं केल्याने पिशवी शिवणीवर फाटते. सोबतच्या सिरिंजने उलट्या बाजूने स्वच्छ पाणी तीन-चारदा जोरात मारा. पावसाळ्यात हे रोज संध्याकाळी करा. सफर संपल्यावर शेवटचं एक लिटर गोळी घातलेलं पाणी फिल्टरमधून काढा, झटका, मग आठवडाभर सावलीत वाळवा. ओला फिल्टर पिशवीत बांधून ठेवला तर पुढच्या वेळी आत वास आलेला असतो. पिशवीच्या तोंडाला असलेला रबरी वायसर फार आवळल्याने निसटून पडतो. एक जादा वायसर पाकिटात ठेवा. तो हरवला तर घाण पाणी आट्यांतून ठिबकून थेट शुद्ध पाण्यात पडतं.

पाणी वाहायला सोड्याची एक लिटरची बाटली उत्तम. रिकामी फार तर चाळीस-पन्नास ग्रॅम भरते, जाड असते आणि फुटली तर पुढच्या टपरीवर दुसरी मिळते. बऱ्याच पिळायच्या फिल्टरचे आटे शीतपेयाच्या २८ मिलिमीटर तोंडाला बसतात. पॅकबंद पाण्याच्या बाटलीला बहुधा बसत नाहीत, कारण तिचं तोंड आणि आटे वेगळे असतात. फिल्टर खिशात घेऊन दुकानात जा, बसवून बघा, मगच बाटली घ्या. कच्च्या पाण्याच्या बाटलीला लाल चिकटपट्टी लावा. अंधारात दोन्ही सारख्याच दिसतात.

नळीवाली पिशवी किनाऱ्यावर चालायला आम्ही सुचवत नाही. उन्हात नळीतला पहिला घोट चहाएवढा गरम येतो, तोंडाला वाळू चिकटते, दमट हवेत नळीत काळी बुरशी धरते आणि पाठीवरच्या पिशवीत किती पाणी उरलंय ते दिसत नाही. त्याऐवजी बाजूच्या कप्प्यांत दोन बाटल्या आणि मुक्कामासाठी तीन लिटरची घडीची पिशवी घ्या. भरलेली पिशवी तीन किलोची, म्हणून ती शेवटच्या वाडीवरच भरा आणि पाठीच्या कण्यालगत, मध्यावर, तोंड वर करून ठेवा. कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

किती घ्यायचं? सकाळी तासाला अर्धा लिटर, अकरानंतर पाऊण ते एक. दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता वाहतो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एका लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरमध्ये घातलं तर द्रावण दाट होऊन उलट जुलाब वाढू शकतात. दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींच्या धक्क्यांवर टपऱ्या असतात, तिथे दोन्ही बाटल्या भरूनच बोटीत चढा. पलीकडे उतरल्यावर चढ असतो.

पुळणीतून चालताना झाकणाच्या आट्यांत वाळू शिरते. बाटली उघडण्याआधी तोंड पुसा आणि झाकण वाळूवर न ठेवता दातात धरा.